कोथरूडचा फ्लॅट विकून पोर्तुगालला स्थायिक व्हावे का? एका दांपत्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कशावर उभा आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ५९, पत्नीचे ५६. चिंचवडच्या कारखान्यातील तुमची नोकरी येत्या ३१ मार्चला संपते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून तुमच्या नावावर २ कोटी १० लाख आहेत, तर पत्नीच्या नावावर त्यांच्या नोकरीतून आणि माहेरच्या वाट्यातून आलेले १ कोटी १० लाख. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही २००४ मध्ये २२ लाखांना घेतला आणि आज त्याला १ कोटी ४० लाख येतील असे एजंट सांगतो. भोरजवळ वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. एकुलती एक मुलगी पोर्तुगालमधील पोर्टो शहरात नोकरी करते. फ्लॅट विकून तिच्या जवळपास छोटे घर घ्यायचे, उरलेले ३ कोटी २० लाख इथे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवायचे आणि वर्षाला येणाऱ्या २२ लाख ४० हजार व्याजावर तिथे राहायचे, असा तुमचा बेत आहे. मुलीने दोघांचा खर्च महिन्याला १,६०० युरो काढला आहे, म्हणजे व्याजातून खर्च भागून थोडे उरतेही. हे गणित बरोबर आहे का, असे तुम्ही विचारता.

पुण्यात सीए म्हणून काम करताना गेल्या सत्तावीस वर्षांत परदेशी गेलेल्या आणि तिथून परतलेल्या अनेक कुटुंबांचे हिशेब मी पाहिले आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. पहिल्या वर्षापुरते तुमचे गणित बरोबर आहे. पण तुम्हाला ते पंचवीस-तीस वर्षे चालवायचे आहे आणि तिथे ते कोलमडते. तिथे खर्च किती येईल याचा तुम्ही बारकाईने विचार केला आहे. मिळकत रुपयांत आणि खर्च युरोत, ही स्थिती आयुष्यभर राहणार याचा मात्र केलेला नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी युरो १०० रुपयांचा धरू, जरी २०२५ मध्येच त्याने शंभरी ओलांडली. महिना १,६०० युरो म्हणजे १ लाख ६० हजार, वर्षाला १९ लाख २० हजार. २०१० मध्ये युरो साधारण ६० रुपयांना होता, २०२५ च्या अखेरीस १०५ च्या आसपास. म्हणजे पंधरा वर्षांत रुपया युरोपुढे वर्षाला सरासरी साडेतीन ते चार टक्क्यांनी घसरला. ही घसरण सरळ रेषेत होत नाही: ऑगस्ट २०१३ मध्ये युरो ९० च्या घरात गेला होता आणि २०१५ च्या वसंतात तो ६६-६७ पर्यंत खाली आला. त्या मधल्या दोन वर्षांकडे पाहून 'रुपया सावरतो आहे' म्हणणारे माझ्या ओळखीचे होते. पुढच्या दहा वर्षांनी त्यांना उत्तर दिले. या घसरणीत तिथली महागाई मिळवा. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे उद्दिष्ट २ टक्क्यांचे असले तरी २०२२ मध्ये पोर्तुगालची सरासरी महागाई ७.८ टक्के होती. साडेतीन टक्के घसरण आणि दोन टक्के महागाई इतकेच धरले, तरी तुमचा रुपयांतील खर्च दरवर्षी साडेपाच टक्क्यांहून अधिक वाढतो. वीस वर्षांनी तोच भाजीपाला, तीच वीज आणि तीच औषधे यांना महिन्याला १ लाख ६० हजारांऐवजी पावणेपाच लाख लागतील. व्याज मात्र २२ लाख ४० हजारच राहील, कारण मुदत ठेव महागाईबरोबर वाढत नाही.

शिवाय ते व्याज पूर्ण तुमच्या हातात पडणार नाही. वर्षातले १८३ दिवस पोर्तुगालमध्ये राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी होता आणि तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर लागतो. परदेशातील व्याजावर तिथला सर्वसाधारण दर २८ टक्के आहे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्यामुळे इथे भरलेल्या कराचे श्रेय तिथे मिळते, पण एकूण बोजा तिथल्या दराच्या खाली जात नाही. म्हणजे ७ टक्क्यांतून हातात ५ टक्के. एनआरई खात्याचे, म्हणजे परदेशातली कमाई ठेवण्याच्या अनिवासी भारतीयाच्या खात्याचे, व्याज करमुक्त असते असे तुम्ही ऐकले असेल. ते भारतात करमुक्त असते, पोर्तुगालने तशी सूट दिलेली नाही.

आता एक सोपे गणित, जे मी कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर करायला लावतो. करानंतरचा परतावा आणि खर्चाची वाढ साधारण सारखी असेल, तर एकूण पुंजीला पहिल्या वर्षाच्या खर्चाने भागावे. जितके उत्तर येते तितकी वर्षे पैसे पुरतात. तुमचे ३ कोटी २० लाख भागिले १९ लाख २० हजार म्हणजे साधारण साडेसोळा वर्षे. तुमच्या बाबतीत परतावा वाढीपेक्षा थोडा कमीच आहे, त्यामुळे सोळा धरा. तेव्हा तुम्ही शहात्तर वर्षांचे असाल आणि तुमच्या पत्नी त्र्याहत्तरच्या. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतून नव्वदी गाठणारी माणसे आता सर्रास दिसतात. हाच भागाकार पुण्यात राहण्यासाठी करा. घर स्वतःचे असताना तुमचा सध्याचा खर्च तुम्ही महिना ८० हजार सांगितला आहे, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. भागाकार तेहेतीस येतो, आणि फ्लॅट हातात राहतो तो वेगळाच.

पुंजीचा काही भाग समभागांत ठेवला तर परतावा वाढेल, हे खरे आहे आणि तुमच्या वयात तीस-चाळीस टक्के भाग तसा असावाच. पण परतावा वाढला की चढउतारही वाढतात, आणि बाजार आणि रुपया दोन्ही एकाच वर्षी पडण्याचा अनुभव आपण २००८ मध्ये घेतला आहे. पुण्यात राहणारा माणूस अशा वर्षी युरोपची सहल पुढे ढकलतो. पोर्टोत राहणाऱ्याला घरखर्चासाठी पडलेल्या भावात युनिट विकून महाग युरो घ्यावे लागतात. म्हणून जे जातातच, त्यांना मी निदान तीन वर्षांचा खर्च आधीपासून युरोत ठेवायला सांगतो.

तुमच्या प्रश्नात व्हिसाचा उल्लेख एका ओळीत आहे, पण पैशाच्या दृष्टीने तो भाग मोठा आहे. तुम्ही ज्या डी-७ व्हिसाचा विचार करता, त्यासाठी नोकरीशिवाय येणारे नियमित उत्पन्न दाखवावे लागते: पेन्शन, भाडे, व्याज, लाभांश. हे उत्पन्न तिथल्या किमान वेतनाएवढे हवे आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणखी. २०१५ मध्ये ते किमान वेतन ५०५ युरो होते, २०२५ मध्ये ८७० झाले आणि २०२६ मध्ये ९२० आहे. रुपयांत पाहिले तर एका माणसाची अट अकरा वर्षांत साधारण ३६ हजारांवरून ९६ हजारांवर गेली. जोडप्यासाठी आज १,३८० युरो लागतात. परवाना आधी दोन वर्षांचा आणि नंतर तीन वर्षांचा मिळतो, म्हणजे ही परीक्षा एकदाच देऊन सुटका होत नाही. तुमची ईपीएस पेन्शन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीबरोबर येणारी पेन्शन, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली जाणार, म्हणजे सात हजारांच्या आतबाहेर. तिचा इथे फारसा उपयोग नाही. आणि फ्लॅट विकलात की भाड्याचे उत्पन्नही गेले, जे या व्हिसासाठी सर्वांत सहज दाखवता येते.

आणखी एक अट तुमच्या बेताच्या आड येते. तात्पुरत्या निवास परवान्याच्या काळात सलग सहा महिने किंवा तुटक-तुटक मिळून आठ महिने यांपेक्षा जास्त काळ पोर्तुगालबाहेर राहता येत नाही. दिवाळी ते अक्षय्य तृतीया पुण्यात आणि उन्हाळा मुलीकडे असे तुम्ही लिहिले आहे. दोन वर्षांच्या परवान्यात हे बसत नाही.

दुसऱ्या देशाने निवृत्तांना दिलेली सवलत कायमची मानू नये, हे मी फार आग्रहाने सांगतो. पोर्तुगालनेच २००९ मध्ये नव्या रहिवाशांसाठी विशेष करसवलत आणली. तिच्यात परदेशी पेन्शनवर सुरुवातीला कर नव्हता, २०२० पासून १० टक्के झाला आणि २०२४ पासून ती योजना नव्या लोकांसाठी बंद झाली. तिच्या जागी आलेली योजना संशोधन आणि तत्सम क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी आहे, निवृत्तांसाठी नाही. घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात निवास परवाना, मिळवण्याचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला. मलेशियाने आपल्या 'दुसरे घर' योजनेची मासिक उत्पन्नाची अट २०२१ मध्ये १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० वर नेली आणि २०२४ मध्ये योजनेची रचनाच पुन्हा बदलली. थायलंडने १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या करनिवाशांनी बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरील कराचा नियम कडक केला. यांत कोणी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही. प्रत्येक देश आपल्या मतदारांचा विचार करतो, आणि तुम्ही तिथे मतदार नसता.

आता इथली बाजू. बहुतेक जण तिकडच्या कागदपत्रांत इतके गुंततात की इथे आपला दर्जा बदलतो हे त्यांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून क्रमांक न देता तरतुदीच सांगतो. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिश्चित काळासाठी बाहेर राहण्याच्या इराद्याने तुम्ही देश सोडला की त्या दिवसापासून अनिवासी होता. नेहमीचे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे इथल्या मिळकतीसाठीचे खाते, करून घ्यावे लागते. डीमॅट आणि म्युच्युअल फंडांचे केवायसीही बदलावे लागते. 'कोणाला कळणार आहे' म्हणून हे टाळणारे लोक मी पाहिले आहेत. फेमामध्ये दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, तेव्हा हा धोका पत्करू नका.

प्राप्तिकराचा नियम मात्र वेगळा आहे आणि तो दिवसांवर चालतो. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला जाण्याच्या वर्षी १८२ दिवसांची सवलत असते. तुम्ही नोकरीसाठी जात नाही. तुमच्यासारख्याने त्या आर्थिक वर्षात भारतात ६० दिवस काढले आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरलेले असले, जे तुमचे अर्थातच भरलेले आहेत, की ते पूर्ण वर्ष तो भारताचा निवासी ठरतो. म्हणजे निवृत्तीनंतर निरोपसमारंभ, घराची आवराआवर आणि आंब्याचा हंगाम उरकून जूनमध्ये निघालात, तर त्या वर्षी दोन्ही देश तुम्हाला आपला निवासी म्हणू शकतात आणि करार उघडून कोणाचा हक्क आधी ते ठरवावे लागते.

अनिवासी झाल्यावर काय जाते, हे तुमच्या पत्नीच्या ठेवीवरून दाखवतो. १ कोटी १० लाखांवर ७ टक्क्यांनी ७ लाख ७० हजार व्याज येते. आज त्या निवासी आहेत, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत मिळते, म्हणून त्यांचा कर शून्य. ती सवलत फक्त निवासींना आहे. अनिवासी झाल्यावर ४ लाखांच्या वरच्या ३ लाख ७० हजारांवर ५ टक्के आणि उपकर मिळून १९,२४० रुपये कर लागेल. रक्कम लहान आहे. पण बँक एनआरओ ठेवीच्या व्याजातून ३१.२ टक्के टीडीएस आधीच कापून घेते. ७ लाख ७० हजारांतून सुमारे २ लाख ४० हजार कापले जातील आणि ते परत मिळवण्यासाठी दरवर्षी विवरणपत्र भरून वाट पाहावी लागेल. करारातील कमी दर मिळवायचा तर पोर्तुगालच्या करखात्याचा निवासी दाखला दरवर्षी आणून बँकेला द्यावा लागतो. महिन्याचा खर्च व्याजावर चालवणाऱ्या घराला ही अडकलेली रक्कम फार जड जाते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्ही साठाव्या वर्षी ३० लाखांपर्यंत ठेवू शकला असता. अनिवासी माणसाला ते खाते उघडता येत नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालते, पुढे वाढवता येत नाही.

फ्लॅटबद्दल तुम्ही लिहिले आहे की 'जाण्याआधीच विकलेला बरा, नंतर कर जास्त'. यात तथ्य आहे, पण किती ते पाहा. २२ लाखांचा फ्लॅट १ कोटी ४० लाखांना विकला तर नफा १ कोटी १८ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी १४ लाख ७५ हजार. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर मोजण्याची मुभा आहे, जी अनिवासीला नाही. २००४-०५ चा निर्देशांक ११३ आणि २०२५-२६ चा ३७६ धरला तर खरेदी किंमत ७३ लाखांच्या वर जाते आणि कर साधारण १३ लाख ३६ हजार येतो. फरक अधिभार-उपकर सोडून १ लाख ४० हजारांचा. अनिवासी झाल्यावर विकलात तर खरेदीदाराला पूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागतो, करखात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढले तरच तो कमी होतो, आणि या कटकटीमुळे काही खरेदीदार मागे फिरतात. हे सगळे मान्य करूनही सांगतो की दीड-दोन लाखांच्या करापायी आणि थोड्या त्रासापायी पुण्यातले राहते घर घाईने विकू नका. घर विकून घर घेतले की कर वाचतो, ही तुमची समजूतही इथे लागू होत नाही. ती सूट भारतात घर घेतले तरच आहे, पोर्टोतल्या घराला नाही.

पैसे नेण्याबद्दल. निवासी असताना रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली प्रत्येकाला वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात, पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, घेते. एकट्या तुमच्या नावाने १ कोटी २० लाख पाठवलेत तर २२ लाख रुपये करखात्यात जाऊन पडतील. ते तुमचेच आहेत, विवरणपत्रात परत मिळतात, पण तोवर अडकतात. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात आणि तिथे टीसीएस नाही, फक्त प्रत्येक वेळी कर भरल्याचे सीएचे प्रमाणपत्र लागते. भोरच्या जमिनीचे सांगायचे तर वारसाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीय ठेवू शकतो, नवी घेऊ शकत नाही आणि विकायची तर निवासी भारतीयालाच. जाण्याआधी सातबाऱ्यावर तुमचे नाव नीट लागले आहे ना, एवढे तलाठ्याकडे जाऊन बघून घ्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी इतके लांब उत्तर लिहायला बसलो, ती सांगतो.

२०१९ च्या पावसाळ्यात सहकारनगरच्या एक बाई माझ्याकडे आल्या. पती बँकेत अधिकारी होते. दोघांनी २०१४ मध्ये फ्लॅट विकला आणि थायलंडला समुद्रकाठच्या एका गावी राहायला गेले, कारण तिथे पन्नाशीनंतर निवृत्तीचा परवाना मिळतो आणि त्यासाठी बँकेत ८ लाख बाथ ठेवले की भागते. ही रक्कम अर्जदाराच्या नावावर असावी लागते, म्हणून ती पतीच्या एकट्याच्या नावावर होती. बाईंचा परवाना पतीच्या परवान्यावर अवलंबून होता. पती झोपेतच गेले. बाईंनी माझ्या टेबलावर निळी फाइल ठेवली, तिच्यात थाई लिपीतला मृत्यूचा दाखला, त्याचे शिक्के मारलेले भाषांतर आणि एक पासबुक. पासबुकावरच्या शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाल्या, "हे आमचेच पैसे ना हो?" होते त्यांचेच. पण तिथल्या न्यायालयाने संपत्तीचा व्यवस्थापक नेमल्याशिवाय बँक ते देऊ शकत नव्हती, आणि ते होईपर्यंत तिथे राहायला त्यांच्याकडे परवाना नव्हता. त्या भावाच्या घरी राहत होत्या. तिकडे स्थानिक विमा आहे म्हणून इथला मेडिक्लेम त्यांनी दोन वर्षे भरला नव्हता आणि तो बंद पडला होता. त्यांचे वय तेव्हा ६८, मधुमेह जुना. दोन कंपन्यांनी नकार दिला, तिसरीने जुन्या आजारांसाठी चार वर्षे थांबायला सांगितले.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न विचारतो तो हा: तुमच्यामागे तुमच्या पत्नी पोर्टोत कोणत्या परवान्यावर, कोणत्या उत्पन्नावर राहतील? तुमची ईपीएस पेन्शन निम्मी होईल. घर तिथे असेल तर त्यावर कोणता कायदा लागेल? युरोपीय संघाच्या १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या वारसा नियमाप्रमाणे, माणूस जिथे कायम राहत होता त्या देशाचा कायदा त्याच्या संपत्तीला लागतो, आणि पोर्तुगालच्या कायद्यात पत्नी आणि मुलांचा ठरावीक वाटा मृत्युपत्रानेही डावलता येत नाही. मृत्युपत्रात स्वतःच्या नागरिकत्वाचा, म्हणजे भारताचा कायदा निवडता येतो, पण तसे स्पष्ट लिहावे लागते. दोन देशांसाठी दोन मृत्युपत्रे करणार असाल तर दुसऱ्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे ठरीव वाक्य घालू नका. त्या एका ओळीने इथले मृत्युपत्र रद्द होते.

मेडिक्लेमबद्दल एकच सांगतो: जाल किंवा न जाल, तो एकही वर्ष चुकवू नका. सध्याच्या नियमांनुसार जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे आणि पाच वर्षे सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाली नाही तर, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तुमची पॉलिसी बारा वर्षांची आहे. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा रहिवाशांना मिळते आणि गंभीर आजारात ती चांगली आहे, पण तज्ज्ञाची भेट मिळायला वाट पाहावी लागते, फॅमिली डॉक्टर सर्वांना मिळत नाही, आणि सत्तरीत पोटात कुठे आणि कसे दुखते हे पोर्तुगीज भाषेत सांगणे सोपे नाही. शिवाय सर्वांत मोठा खर्च रुग्णालयाचा नसतोच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ चोवीस तास कोणी बसायचे, याचा असतो. पुण्यात ब्यूरोमार्फत बाई मिळते आणि त्याचा खर्च जड असला तरी तुमच्या पुंजीच्या आवाक्यात आहे. युरोत तो खर्च तुमची पुंजी दोन-तीन वर्षांत निम्मी करेल.

अमेरिकेत मुले असलेल्या वाचकांसाठी एवढेच, की चलनाचे गणित तेच आहे, वर दोन गोष्टी अधिक. ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेण्यासाठीही सलग पाच वर्षे तिथे राहावे लागते. आणि भारतीय म्युच्युअल फंडांना तिथला करकायदा इतका कडक लागतो की जाण्याआधीच ते मोडून जाणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

मग तुम्ही काय करावे? तुमच्या आकड्यांवरून माझे मत स्पष्ट आहे. पूर्ण स्थलांतर या पुंजीला झेपणारे नाही. फ्लॅट ठेवा, पुण्यात निवासी राहा आणि दरवर्षी तीन महिने मुलीकडे जा. पोर्तुगालसह बहुतेक युरोपीय देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. दोघांची तिकिटे, प्रवासविमा आणि वरखर्च मिळून वर्षाला साडेचार लाख धरले, तर पुण्याच्या ९ लाख ६० हजारांसह एकूण खर्च १४ लाख १० हजार होतो. तोच भागाकार करा: साधारण पावणेतेवीस वर्षे. पंचाहत्तरीनंतर लांबचा प्रवास आपोआप कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात पैसे याहून अधिक काळ पुरतील. फ्लॅट तेव्हाही तुमचाच असेल, आणि तुमच्यामागे पत्नीला तो विकता येईल किंवा त्यात राहता येईल, कोणाच्या परवान्याची वाट न पाहता.

माझे मत बदलायला दोनच गोष्टी पुरेशा आहेत: मुलीच्या घरात तुमच्यासाठी खोली असणे आणि खर्च ९०० युरोंच्या आत राहणे, किंवा पुंजी पाच कोटींच्या पुढे जाणे. पहिल्या शक्यतेबद्दल मुलीशी मोकळेपणाने बोला. तिला पुढच्या पाच-सात वर्षांत जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये चांगली नोकरी मिळाली तर ती जाईल का, हेही विचारा. ती हो म्हणाली तर त्यात तिची चूक नाही. मात्र पोर्टोत घर घेऊन बसलेल्या आईवडिलांमुळे तिला नकार द्यावा लागू नये, आणि ती गेली तर तुम्ही तिथे एकटे पडू नये.

तरीही जायचेच असेल, तर पहिली दोन वर्षे तिथे घर विकत घेऊ नका, भाड्याने राहा आणि कोथरूडचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्या. सोसायटी देखभालीच्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच बिनवापर शुल्क (मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे) घेऊ शकते, त्याहून जास्त मागितले तर देऊ नका. भाडेकरूला करारातच सांगून ठेवा की मालक अनिवासी असल्याने त्याने भाड्यातून टीडीएस कापायचा आहे. हे न सांगितल्यामुळे गेल्या वर्षी कर्वेनगरच्या एका तरुण जोडप्याला नोटीस आली आणि ते घर सोडून गेले. तिकडे राहून इथल्या कामांसाठी कुलमुखत्यारपत्र करावे लागले, तर भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणलेल्या पत्रावर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. जवळच्या नातेवाइकाच्या नावाने ते जाण्याआधी पुण्यातच नोंदवून ठेवलेत तर ही धावपळ वाचेल.

निवृत्तीला अजून अवधी आहे. तेव्हा रजा शिल्लक असेल तर या डिसेंबर-जानेवारीत दोघे पोर्टोला जाऊन या. उन्हाळ्यात जाऊ नका. तिथला हिवाळा पावसाळी आणि दमट असतो, जुन्या घरांत भिंतींना ओल येते आणि हीटरचे बिल तेव्हाच कळते. मुलीला एकही बिल भरू न देता सहा आठवडे स्वतःच्या पैशाने राहा, रोजचा खर्च वहीत लिहा, आणि ती वही घेऊन फेब्रुवारीत माझ्याकडे या. १,६०० च्या जागी खरा आकडा घालून आपण तोच भागाकार पुन्हा करू.